हुकूम न समजलेला माणूस

पोलिसांच्या हातात कोणते हत्यार असावे, हा प्रश्न सरकारने आणि पोलिस खात्याने सोडवावा, असे समजून आपण बहुतेक जण गप्प बसतो. हत्याराची चर्चा म्हणजे तज्ज्ञांची चर्चा, असा आपला समज असतो. परंतु ज्याच्या अंगावर ते हत्यार चालते तो तज्ज्ञ नसतो. तो रस्त्यावरचा, फलाटावरचा, घरातला साधा माणूस असतो. म्हणून या चर्चेत साध्या माणसालाही बोलण्याचा हक आहे.

गेल्या पन्नास वर्षांत जगातल्या अनेक देशांच्या पोलिसांकडे एक नवे हत्यार आले. त्याला स्टनगन म्हणतात. त्यातला सर्वांत प्रसिद्ध प्रकार म्हणजे टेसर. गोळीऐवजी वीज, मृत्यूऐवजी काही सेकंदांचा झटका, असे त्याचे आश्वासन होते. हे आश्वासन किती खरे ठरले, यावर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात मोठा वाद झाला. डॉक्टर बोलले, न्यायाधीश बोलले, कंपनी न्यायालयात गेली. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारी माणसे. आमचा धंदा भाषेचा. त्यामुळे या साऱ्या वादाचा इतिहास वाचताना आमची नजर एका गोष्टीवर अडकली. हे हत्यार आले हुकूम मोडणाऱ्यासाठी. पण ते वारंवार चालले हुकूम न समजलेल्यावर. या दोन माणसांतला फरक ओळखण्याआधीच घोडा दाबला गेला. हीच बाजू आम्हाला येथे मांडायची आहे.

टेसरचा जनक जॅक कव्हर हा अमेरिकन संशोधक. अमेरिकेच्या अंतराळ कार्यक्रमात त्याने काम केले होते. १९६० च्या दशकात अमेरिकेत विमान अपहरणाच्या घटना वाढल्या होत्या. उडत्या विमानात गोळी झाडली तर सगळेच संकटात येतील. मग अपहरणकर्त्याला लोळवणारे पण विमानाला धोका न पोहोचवणारे काही करता येईल का, या विचारातून त्याचे काम सुरू झाले. १९७४ साली त्याला पेटंट मिळाले. लहानपणी वाचलेल्या टॉम स्विफ्ट नावाच्या नायकाच्या साहसकथा त्याला आवडत. १९११ साली निघालेल्या त्यातल्या एका पुस्तकात हा नायक विजेची रायफल घेऊन आफ्रिकेत हत्तींच्या शिकारीला जातो. त्या पुस्तकाच्या नावातली आद्याक्षरे जुळवून आणि मध्ये एक जादा अक्षर घालून ‘टेसर’ हा शब्द तयार झाला.

पहिल्या टेसरमध्ये तारा फेकण्यासाठी बंदुकीची दारू वापरलेली होती. त्यामुळे १९७६ साली अमेरिकन सरकारने तिला बंदुकीच्याच वर्गात टाकले आणि तिचा खप खुंटला. पुढे १९९३ साली रिक आणि टॉम स्मिथ या दोन भावांनी ॲरिझोना राज्यात कंपनी काढली, कव्हरला सोबत घेतले आणि दारूच्या जागी दाबलेला नायट्रोजन वायू आणला. दारू गेली, तशी बंदुकीच्या कायद्याची अडचणही गेली. १९९९ साली एम२६ आणि २००३ साली एक्स२६ हे नमुने बाजारात आले आणि थोड्याच वर्षांत हजारो पोलिस ठाण्यांत पोहोचले. २०१७ पासून ही कंपनी ॲक्सॉन या नावाने ओळखली जाते.

तिचे काम असे चालते. घोडा दाबला की दोन बारीक आकडेदार सुया सुटतात. प्रत्येक सुईमागे पातळ तार असते. दोन्ही सुया अंगात किंवा कपड्यात रुतल्या की वर्तुळ पूर्ण होते आणि वीज वाहू लागते. जाहिरातीत ५०,००० व्होल्ट हा आकडा असे. प्रत्यक्ष शरीरावर पडणारा दाब त्यापेक्षा बराच कमी, सुमारे १,२०० व्होल्ट असतो आणि प्रवाहही थोडा असतो. पण तो सेकंदाला एकोणीसच्या आसपास ठोके देत स्नायूंना आखडून टाकतो. एकदा घोडा दाबला की पाच सेकंद हा मार चालतो. बोट तसेच दाबून धरले तर पाच सेकंदांवर तो थांबत नाही. सुया न सोडता यंत्र थेट अंगाला टेकवण्याचीही सोय आहे. त्यात माणूस कोसळत नाही, त्याला फक्त वेदना होतात.

विजेचा आणि सत्तेचा संबंध मात्र टेसरपेक्षा जुना आहे. अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धात, म्हणजे १९५४ ते १९६२ या काळात, फ्रेंच सैनिक लष्करी टेलिफोनला वीज पुरवणारे हाताने फिरवायचे छोटे जनित्र कैद्यांच्या अंगाला लावत. पत्रकार आंरी अलेग यांना १९५७ साली अल्जियर्समध्ये पकडून असाच छळ झाला. त्यांनी तुरुंगातून लिहिलेले पुस्तक १९५८ साली पॅरिसमध्ये निघाले आणि सरकारने ते जप्त केले. अमेरिकेत फेब्रुवारी १९६५ मध्ये अलाबामातील सेल्मा गावी मतदानाचा हक मागणाऱ्या कृष्णवर्णीय शाळकरी मुलांना शेरीफच्या माणसांनी गावाबाहेर पळवत नेले. त्यांच्या हातात गुरे हाकण्याच्या विजेच्या काठ्या होत्या.

इराणी वंशाचे अभ्यासक दारियस रेजाली यांनी २००७ सालच्या आपल्या ग्रंथात याचे एक कारण सांगितले आहे. जेथे वर्तमानपत्रे, वकील आणि न्यायालये पोलिसांवर नजर ठेवतात, तेथे खूण न ठेवणारा छळ वाढतो. वीज फारशी खूण ठेवत नाही. टेसर ही छळासाठी बनवली असे आम्ही म्हणत नाही, तसे म्हणणे न्यायाचे होणार नाही. पण ज्या वेदनेची खूण दोन बारीक ठिपक्यांपलीकडे राहत नाही, तिची तक्रार सिद्ध करणे मजलूमाला कठीण जाते, एवढे मात्र खरे.

आता कॅनडाकडे वळू, कारण या वादाची सर्वांत सविस्तर चौकशी तेथे झाली. कॅनडात टेसरचा पहिला प्रयोग १९९८ च्या अखेरीस ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील व्हिक्टोरिया शहराच्या पोलिसांनी केला. २००१ साली देशाच्या रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलिस दलाने तिला मान्यता दिली. त्या वेळी सांगितले गेले ते असे, की जेथे गोळी झाडावी लागली असती तेथे आता टेसर चालेल आणि एक जीव वाचेल. पण काही वर्षांतच ती जेथे गोळी कधीच झाडली गेली नसती तेथेही चालू लागली. जवानाचे न ऐकणारा, हात मागे न करणारा, जागेवरून न हलणारा, असा कोणीही तिच्या टप्प्यात आला. या दलाविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या आयोगाने डिसेंबर २००७ च्या अहवालात नेमका हाच आक्षेप घेतला की वापराची हद्द हळूहळू सरकत गेली आहे.

हा अहवाल मागवण्याचे कारण एक मृत्यू होता. रॉबर्ट जेकान्स्की हा पोलंडमधील ग्लिवित्से शहराचा चाळीस वर्षांचा माणूस. त्याची आई कॅनडात राहत होती आणि तिच्याकडे कायमचा राहायला तो निघाला होता. विमानात तो आयुष्यात पहिल्यांदाच बसला. त्याला पोलिश येत होती, इंग्रजी येत नव्हती. १३ ऑक्टोबर २००७ रोजी दुपारी तो व्हँकुव्हरच्या विमानतळावर उतरला. जेथे सामान मिळते तेथेच थांब, मी येते, असे आईने त्याला सांगून ठेवले होते. सामान मिळण्याची ती जागा बंदिस्त भागात आहे आणि बाहेरच्यांना तेथे जाता येत नाही, हे तिला ठाऊक नव्हते. तो आत थांबला, ती बाहेर थांबली. मध्ये काही भिंती आणि दारे होती. तिने चौकशी केली, पण मुलगा येथे नाही असे तिला सांगण्यात आले. रात्री ती सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर असलेल्या कॅमलूप्स गावी परत निघाली.

मुलगा आतच होता. सुमारे दहा तास तो त्या इमारतीत राहिला. मध्यरात्रीनंतर कागदपत्रांचे काम संपले तरी त्याला पुढे कोठे जायचे ते कळेना. थकलेला, भुकेजलेला, घामाघूम झालेला हा माणूस खुर्च्या सरकवू लागला, त्याने एक संगणक खाली फेकला. जवळ उभ्या असलेल्या प्रवाशांपैकी एका बाईने त्याला शांत करण्याचा प्रयत्न केला. तो तिच्या अंगावर गेला नाही. तो आपल्या भाषेत पोलिसांनाच मदतीसाठी हाक मारत होता.

पोलिस आले. चार जवान होते. त्यांच्यासोबत दुभाषी नव्हता. ते आल्यापासून सुमारे अर्ध्या मिनिटात पहिली टेसर चालली. त्या अर्ध्या मिनिटात त्याने मेजावरचा एक स्टेपलर हातात घेतला होता. टेसर एकूण पाच वेळा चालवण्यात आली. जवानांनी त्याला दाबून धरून बेड्या घातल्या. १४ ऑक्टोबरच्या पहाटे तो तेथेच मरण पावला. शवचिकित्सेत त्याच्या रक्तात दारू किंवा अमली पदार्थ सापडला नाही.

यानंतर जे घडले ते इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. पोलिस आल्यानंतरही हा माणूस ओरडत आणि वस्तू फेकत राहिला, असे पोलिसांच्या प्रवक्त्याने लोकांना सांगितले. पण तेथे उभ्या असलेल्या एका तरुण प्रवाशाने आपल्या छोट्या कॅमेऱ्यात सारा प्रसंग टिपला होता. पोलिसांनी तो कॅमेरा ताब्यात घेतला. चित्रण परत मिळवण्यासाठी तरुणाने वकील दिला, तेव्हा कोठे ते त्याला मिळाले. नोव्हेंबर २००७ मध्ये ते साऱ्या जगाने पाहिले. पोलिस आल्यावर वस्तू फेकणारा माणूस त्यात कोठेही दिसत नव्हता. हात वर केलेला, गोंधळलेला एक माणूस दिसत होता.

प्रांतिक सरकारने निवृत्त न्यायाधीश थॉमस ब्रेडवुड यांचा चौकशी आयोग नेमला. त्यांनी काम दोन भागांत केले. पहिला अहवाल २००९ साली आला. त्यात त्यांनी साऱ्या टेसर वापराचा विचार केला. टेसर मारक ठरू शकते, विशेषतः छातीवर चालली तर हृदयाची लय बिघडू शकते, असे त्यांनी मानले. समोरच्याने नुसते ऐकले नाही म्हणून ती वापरता येणार नाही. तो कोणाला तरी शारीरिक इजा करतो आहे किंवा लगेच करणार आहे, असे दिसले तरच वापरता येईल, आणि तेही समजावणीचे इतर मार्ग चालणार नसतील तेव्हाच, अशी त्यांची शिफारस होती. प्रांताने ती मान्य केली. त्यानंतर ब्रिटिश कोलंबियात टेसरचा वापर झपाट्याने घटला. हत्यार तेच राहिले, पोलिस तेच राहिले. बदलली ती फक्त नियमातली काही वाक्ये.

दुसरा अहवाल २०१० साली आला. त्याच्या शीर्षकाची सुरुवात ‘का?’ या एका शब्दाने होते. जेकान्स्कीवर टेसर चालवणे समर्थनीय नव्हते आणि जवानांनी दिलेला वृत्तान्त विश्वासार्ह नव्हता, असे ब्रेडवुड यांनी लिहिले. त्याच वर्षी पोलिस दलाने त्याच्या आईची जाहीर माफी मागितली. मृत्यूबद्दल कोणावरही खटला झाला नाही. आयोगासमोर खोटी साक्ष दिल्याबद्दल मात्र चौघांवर खटले चालले. दोघे निर्दोष सुटले, दोघांना २०१५ साली तुरुंगवासाची शिक्षा झाली आणि २०१७ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. कंपनीने ब्रेडवुड यांच्या पहिल्या अहवालाला न्यायालयात आव्हान दिले होते. २०१० साली ते फेटाळले गेले.

आता दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. एकतर्फी इतिहास हा इतिहास नसतो. टेसरचे समर्थक म्हणतात की सुरा घेऊन धावणाऱ्या माणसाला पूर्वी गोळीच खावी लागे, आता तो जिवंत राहतो. अनेक पोलिसांनी प्रशिक्षणात हा झटका स्वतःच्या अंगावर घेतला आहे आणि ते धडधाकट आहेत. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या संशोधन संस्थेने २०११ साली असा निष्कर्ष काढला की निरोगी माणसाला टेसरपासून मृत्यूचा किंवा गंभीर इजेचा मोठा धोका असल्याचा ठोस वैद्यकीय पुरावा नाही. हे सारे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

पण दुसरे आकडेही आहेत. २००१ पासून २०१२ च्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत टेसर चालल्यानंतर ५०० हून अधिक माणसे दगावली, असे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने नोंदवले. त्यातल्या बहुतेकांच्या मृत्यूचे कारण डॉक्टरांनी वेगळे लिहिले होते, पण ६० हून अधिक प्रकरणांत टेसर हे कारण किंवा एक कारण असल्याचे त्यांनीच नमूद केले होते. खुद्द कंपनीने २००९ साली सूचना काढली की शक्यतो छातीवर नेम धरू नये. समर्थकांच्या वाक्यातला ‘निरोगी माणूस’ हा शब्दही नीट वाचायला हवा. पोलिस प्रशिक्षणाच्या मैदानावर उभा असलेला निरोगी असतो. मध्यरात्री भेदरून ओरडणारा माणूस निरोगी आहे की नाही, हे अर्ध्या मिनिटात कोणी कसे ठरवावे?

या मृत्यूंच्या कागदपत्रांत अनेकदा ‘एक्सायटेड डेलिरियम’ हे कारण लिहिलेले आढळे. म्हणजे माणूस भ्रमाच्या भरात इतका उत्तेजित झाला की त्यातच मेला. या शब्दाचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. १९८० च्या दशकात मायामी शहरात तो एका शवचिकित्सकाने रुजवला. तेथे डझनभराहून अधिक कृष्णवर्णीय स्त्रिया मृत सापडल्या होत्या. त्या अमली पदार्थांच्या आहारी गेल्या होत्या, म्हणून अशाच उत्तेजनाने मेल्या, असे त्याने सांगितले. पुढे वरिष्ठांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा त्यांचे खून झाल्याचे निष्पन्न झाले. तरीही हा शब्द पुढची तीस वर्षे पोलिसांच्या ताब्यातील मृत्यूंना चिकटवला गेला. मृत्यूनंतर सोयीने लावता येणारे स्पष्टीकरण, अशी टीका ब्रेडवुड यांनी त्यावर २००९ सालीच केली होती. अमेरिकेतील शवचिकित्सकांच्या राष्ट्रीय संघटनेने तो २०२३ साली नाकारला आणि त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने तो मृत्यूचे कारण म्हणून लिहिण्यास कायद्याने बंदी केली. हत्याराइतकाच शब्दही माणसाला मारतो, निदान त्याच्या मृत्यूला झाकून टाकतो. भाषेच्या शिक्षकांनी हे विसरू नये.

व्हँकुव्हरची घटना एकटी नाही. १५ ऑगस्ट २०१६ रोजी इंग्लंडमधील टेलफर्ड येथे माजी फुटबॉलपटू डेलियन ॲटकिन्सन आपल्या वडिलांच्या घराबाहेर मानसिक तोल गेलेल्या अवस्थेत होता. त्याच्यावर चाललेली टेसर पाच सेकंदांवर थांबली नाही. ती ३३ सेकंद चालू राहिली आणि तो पडल्यावर त्याच्या डोक्यावर लाथा मारल्या गेल्या. २०२१ साली त्या पोलिसाला सदोष मनुष्यवधाबद्दल आठ वर्षांची शिक्षा झाली. मे २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील कूमा गावी एका वृद्धाश्रमात ९५ वर्षांच्या, स्मृतिभ्रंश झालेल्या बाईवर टेसर चालवण्यात आली. चालायला आधाराची चौकट घेणाऱ्या या बाईच्या हातात स्वयंपाकघरातली सुरी होती आणि ती खाली ठेव हा हुकूम तिच्यापर्यंत पोहोचत नव्हता. ती पडली, डोक्याला मार लागून काही दिवसांनी वारली. २०२४ साली तो पोलिस सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरला, मात्र तुरुंगात गेला नाही.

एकाला भाषा येत नव्हती, एकाचे मन ठिकाणावर नव्हते, एकीची स्मृती गेली होती. तिघांचे देश वेगळे, वंश वेगळे. पण हुकूम तिघांनाही एकाच भाषेत, एकाच आवाजात दिला गेला आणि न समजणे हेच न मानणे ठरले.

आपल्याकडे टेसर अजून साध्या शिपायाच्या कमरेला आलेली नाही. पण तिच्यामागचा विचार आपल्याला नवा नाही. आपली वर्तमानपत्रे ‘सौम्य लाठीमार’ लिहितात. ज्याच्या पाठीवर ती लाठी पडते त्याला सौम्य हा शब्द कोणी विचारलेला नसतो. काश्मीरमध्ये २०१० च्या उन्हाळ्यात गोळीबारात शंभरहून अधिक माणसे मेल्यावर गोळीपेक्षा कमी घातक म्हणून छऱ्यांच्या बंदुका आल्या. २०१६ साली त्याच छऱ्यांनी शेकडो जणांच्या डोळ्यांना इजा झाली. आधीपेक्षा कमी घातक म्हणून आणलेले हत्यार आधीपेक्षा जास्त वेळा उचलले जाते, हा धडा कॅनडाचाही आहे आणि आपलाही.

आणि भाषेचा प्रश्न तर आपल्या अंगणातला आहे. उर्दूत शिकलेला मुलगा कामासाठी दुसऱ्या राज्यात जातो, बिहारचा मजूर आपल्या शहरात येतो, आदिवासी पाड्यावरची बाई तालुक्याच्या ठाण्यात उभी राहते. प्रश्न एका भाषेत विचारला जातो, उत्तर दुसरीत अडकते. शाळेत मूल उत्तर देत नसेल तर आम्ही शिक्षक आधी हे पाहतो की त्याला प्रश्न कळला का. बी.एड.च्या वर्गात शिकवली जाणारी ही अगदी पहिली गोष्ट. वर्दीतल्या माणसाकडून याहून मोठी अपेक्षा कोणी करत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू खटल्यात अटकेचे नियम घालून दिले. अटकेच्या कागदावर घरच्याची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष हवी, नातेवाइकांना कळवले पाहिजे, अंगावरच्या लहानमोठ्या जखमांची नोंद व्हावी, दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी व्हावी. हे नियम लाठीच्या वळांसाठी फार मोलाचे आहेत. वीज मात्र वळ ठेवत नाही. उद्या हे हत्यार आपल्याकडे सर्रास आले, तर जखमेच्या नोंदीबरोबर प्रत्येक झटक्याची वेळ, कारण आणि त्याआधी काय बोलले गेले, कोणत्या भाषेत बोलले गेले, याचीही नोंद मागावी लागेल. छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली आहे, पण त्याला अंतिम मंजुरी अद्याप दिलेली नाही. विधी आयोगाने २०१७ साली तशी शिफारस केली होती.

व्हँकुव्हरमध्ये इन्साफ पूर्ण झाला असे आम्हाला वाटत नाही. पण जो काही झाला तो एका अनोळखी प्रवाशामुळे झाला. त्याला पोलिश येत नव्हती. मरणारा माणूस काय बोलतो आहे हे त्यालाही समजत नव्हते. तरी त्याने पाठ फिरवली नाही, आपला कॅमेरा बंद केला नाही आणि नंतर आपली गवाही परत मागायला तो न्यायालयाच्या दारापर्यंत गेला. आपल्या मुलांना इतिहास शिकवताना राजे, लढाया आणि तह यांच्याबरोबर अशा गवाहांचीही गोष्ट सांगावी. कायदे त्यांच्यामुळे बदलतात.